त्या दिवशी कीबोर्डवर मी होतो

शांतवन,

तुझ्या पेटीला खांदा द्यायला फरीदाबादहून सात म्हातारे आले होते. त्यांतल्या दोघांना धड चालता येत नव्हतं. दफनभूमीच्या फाटकापासून खड्ड्यापर्यंतची वाट बरीच लांब, पण त्यांनी पेटी दुसऱ्या कुणाला घेऊ दिली नाही. तुझ्या चर्चच्या मंडळीतली तरुण मुलं पुढे झाली, तर रामफल त्यांना म्हणाला, "बेटा, तुम्हारी बारी बाद में. ये हमारा आदमी है." रामफल म्हणजे आपल्या कारखान्यातल्या ओतकामाच्या फाउंड्रीचा, त्या काळचा युनियनचा पुढारी. आता त्याला कमी ऐकू येतं, म्हणून तो सगळंच मोठ्यानं बोलतो. पाळकांची प्रार्थना चालू असताना त्यानं शेजाऱ्याच्या कानात सांगितलेलं अख्ख्या दफनभूमीला ऐकू गेलं. "इसी ने हमें दिखाया था. अपनी नौकरी दे दी, पर दिखा दिया."

मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. माती टाकायची वेळ आली तेव्हा तुझ्या रूथनं मला हाताला धरून पुढे नेलं. "पेंडसेकाका, या. बाबांच्या ओळखीतले तुम्हीच सगळ्यात जुने," म्हणाली. मी माती टाकली. जुना होतो, तेवढं तरी खरं होतं.

ज्या गोष्टीसाठी ते सात जण तुला खांद्यावर घेऊन चालले होते, ती तू केलीच नव्हतीस. मी केली होती, आणि तीही चुकून. कंपनीनं तुझी नोकरी घेतली तीही त्याच गोष्टीसाठी. शिक्षा तुला मिळाली आणि मानही तुलाच मिळाला. तू दोन्हीकडे एकच उत्तर देत राहिलास, "मी काही केलं नाही." साहेबलोकांना वाटलं, खोटं बोलतोय. कामगारांना वाटलं, मोठेपणा आहे. तू खरं बोलतोयस हे ज्याला माहीत होतं असा माणूस एकच होता, आणि तो गप्प होता.

आता मी पंचाहत्तरी ओलांडली आहे. मालती जाऊन सहा वर्षं झाली. गुरुग्रामच्या या अठराव्या मजल्यावर दिवसभरात माझ्याशी बोलतं कोण, तर लिफ्ट. ती मजल्यांचे आकडे सांगते. परवाच्या तुझ्या शोकसभेत मी थोडं बोललो, पण ते हिंदीत, उभ्यानं आणि घाईत. सगळं सांगायचं तर ते आपल्याच भाषेत जमेल. तुझीमाझी गोष्ट सगळी मराठीतच झाली होती, फक्त माझा भेकडपणा इंग्रजीत टाइप झाला होता. त्याबद्दल पुढे लिहितो.

आपल्या विभागात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याला स्वतंत्र खोली होती आणि खोलीबाहेर चपला काढाव्या लागायच्या. मी उत्पादन नियोजनाचा मॅनेजर. तू स्टोअरमधला क्लार्क, आणि त्याआधी काही वर्षं फाउंड्रीत साचे उचललेला. नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या शाळेत शिकलेला, दिल्लीकडे नोकरीसाठी आलेला. संध्याकाळच्या क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकून आलेला माणूस अख्ख्या कारखान्यात तू एकटा. मी तुला माझ्या विभागात मागून घेतलं. लोक म्हणाले, मराठी म्हणून घेतला. खरं कारण वेगळं होतं. मला त्या यंत्राची भीती वाटायची, आणि ती भीती मराठीत कबूल करणं सोपं होतं.

माझ्या घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून तू शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्केचपेननं अख्खा कीबोर्ड काढून आणलास. फरीदाबादच्या सेक्टरमधल्या आमच्या घरी येऊन तो जेवणाच्या टेबलावर ठेवलास. मी पुठ्ठ्यावर बोटं आपटत बसायचो आणि मालती स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, आमटी थंड होतेय. उघडली का नाही तुमची फाइल?" मग तुझ्याकडे वळून, "भाऊजी, बिघडवलंत तुम्ही यांना." तू गंभीरपणे म्हणालास, "वहिनी, अजून एफ-सिक्सपर्यंतच बिघडलेत. बारापर्यंत जायचंय." घरी तू मला दादा म्हणायचास, कारखान्यात साहेब. कुठलं कुठे म्हणायचं यात तुझी कधी गफलत झाली नाही.

तेव्हा नुकतं नुकतं प्रेझेंटेशनचं खूळ आलं होतं. परदेशी कंपन्यांची माणसं यायची, भागीदारीच्या वाटाघाटी व्हायच्या, आणि ज्याला भिंतीवर चित्रं दाखवता येत नाहीत तो मॅनेजरच नव्हे असं वातावरण होतं. मला एकाच वेळी दोन फायली दाखवायची हौस, एकीत मजकूर आणि दुसरीत फोटो. एकीतून दुसरीत जाताना मी माऊस धरून मेनू शोधत बसायचो आणि समोरची माणसं घड्याळं बघायची. तू मला घराची उपमा देऊन समजावलंस. "साहेब, ऑल्ट-टॅब म्हणजे या घरातून त्या घरात. पत्रांच्या घरातून प्रेझेंटेशनच्या घरात. पण प्रेझेंटेशनच्याच घरात दोन फायली उघड्या असल्या, तर ऑल्ट-टॅबनं काही होणार नाही. घर तेच आहे ना. तिथं कंट्रोल धरायचं आणि एफ-सिक्स दाबायचं. या खोलीतून पुढच्या खोलीत. शिफ्टही धरलं तर मागच्या खोलीत."

"आणि दोनच खोल्या असल्या तर?"

"मग पुढे जा नाहीतर मागे जा, पोचाल तिथंच. म्हणून सांगतो, दोनच उघड्या ठेवायच्या. तिसरी उघडलीत तर आपण कुठल्या दिशेनं निघालोय याचं भान ठेवावं लागतं, आणि तुम्ही बोलायला लागलात की तुम्हाला कसलंच भान नसतं."

हे तू माझ्या तोंडावर म्हणायचास. हाताखालचा माणूस असूनही म्हणायचास, आणि मला त्याचा राग येत नसे. त्या दिवसांतल्या मला मी आज ओळखतो तो एवढ्याचमुळे.

एस्केप दाबून पडद्यावरच्या शोमधून बाहेर यायचं, कंट्रोल-एफ-सिक्सनं दुसऱ्या फाइलवर जायचं, एफ-फाइव्ह दाबून तिचा शो सुरू करायचा. हे तू माझ्याकडून पाढ्यासारखं घोटून घेतलंस. माझ्या हातांवर टॉवेल टाकून घेतलंस. "हात उंदराकडे गेला की डोळे जातात. डोळे गेले की समोरची माणसं गेली. माणसांकडे बघा, साहेब, बोटांना त्यांचं काम करू द्या." माणसांकडे बघायचं, यासाठी तू हे सगळं शिकवत होतास. मी मात्र शिकलो ते न बघता कळा दाबायला. त्याचा मला गर्व झाला.

आपले वाद दोन होते. त्यांतला एक हास्यास्पद. मला अक्षरं उडवायला आवडायचं. शीर्षकातलं एकेक अक्षर डावीकडून उडत यायचं आणि जागेवर बसताना टाइपरायटरचा टकटक आवाज करायचं. तू कपाळाला हात लावायचास. "वाचणाऱ्याला ताटकळत ठेवता तुम्ही. जे सांगायचंय ते एकदम सांगून टाका." मी म्हणायचो, उत्सुकता वाढते. तू म्हणायचास, "उत्सुकता कुणाला, तुम्हालाच."

दुसरा वाद फाउंड्रीचा. परदेशी भागीदारांना ओतीव माल बाहेरून घ्यायचा होता. फाउंड्री बंद करण्याचा बेत ठरला आणि त्याचं प्रेझेंटेशन करायचं काम माझ्याकडे आलं. माझी टायपिंगची गती तुला माहीतच होती. मी तुला टाइप करायला बसवलं आणि कुणाला सांगणार नाहीस असं वचन घेतलं. तू रोज दुपारी ज्यांच्याबरोबर चहा प्यायचास, त्या माणसांच्या भट्ट्या कोणत्या क्रमानं विझवायच्या हे तू टाइप केलंस. त्या आठवड्यात तू चहाला गेला नाहीस. रामफल विचारायला आला, "साळवे, तबीयत तो ठीक है?" तू काम आहे म्हणालास.

दोनदा तू माझ्याकडे आलास. पहिल्यांदा म्हणालास, "साहेब, त्यांना आधी सांगा. तोंडानं सांगा. भिंतीवर बघायची वेळ आणू नका." मी म्हटलं, वरून ठरलं की सांगू. दुसऱ्यांदा तू आमच्या घरी आलास आणि दारातच उभा राहिलास. "दादा, मला वचनातून मोकळं तरी करा." मी तुला मोकळं केलं नाही. मालती आतून म्हणाली, भाऊजींना आत तरी बोलवा. तू म्हणालास, बस चुकेल, आणि गेलास.

हा वाद अजून तसाच आहे. मी तो जिंकलो नाही आणि तूही हरला नाहीस. मध्येच दुसरं काही घडलं.

त्या दिवशी कॅन्टीनच्या हॉलमध्ये फाउंड्रीच्या लोकांना बोलावलं होतं. नव्या यंत्रांची माहिती द्यायची, भविष्य उज्ज्वल आहे असं सांगायचं. फाउंड्री बंद होणार याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असं डायरेक्टरसाहेबांनी बजावलं होतं. भाड्यानं प्रोजेक्टर आणला होता. तू दोन फायली उघडून दिल्यास, हिंदी मजकुराची एक आणि यंत्रांच्या फोटोंची एक, आणि खुर्च्या मांडायला गेलास. मी कीबोर्डशी एकटा बसलो होतो. लोक यायचे होते. फाउंड्रीच्या फाइलची फ्लॉपी माझ्या खिशात होती, कारण दुपारी ती डायरेक्टरना दाखवायची होती. शीर्षकातली अक्षरं जरा हळू उडतात असं मला वाटत होतं. म्हटलं, तेवढं नीट करून टाकू. ती फाइल उघडली. अक्षरांचा वेग वाढवला. तेवढ्यात डायरेक्टर आले, मी घाईनं पहिल्या फाइलवर परतलो. तिसरी फाइल उघडीच आहे हे मला माहीत होतं, शांतवन. विसरलो असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. विसरलो नव्हतो. मी तर दोनच फायलींत ये-जा करणार, मग तिसरी उघडी असली तर काय बिघडतं, असं वाटलं होतं.

तू दाराजवळ दिव्यांच्या बटणांशी उभा राहिलास. दिवे गेले, कीबोर्डपाशी कोण आहे ते कुणाला दिसेना. मी बोलायला लागलो. पाच मिनिटांनी एस्केप, कंट्रोल-एफ-सिक्स, एफ-फाइव्ह. यंत्रांचे फोटो आले. लोक पुढे सरकून बघू लागले. मी त्यांच्याकडे बघत होतो, पडद्याकडे नाही, आणि स्वतःवर खूश होतो. फोटो संपले. परत पहिल्या फाइलवर यायचं होतं. एस्केप, कंट्रोल-एफ-सिक्स, एफ-फाइव्ह.

दोन फायली असत्या तर मी बरोबर पोचलो असतो. तीन होत्या. मागे यायला शिफ्ट धरायला हवं होतं.

टाइपरायटरची टकटक ऐकू आली तेव्हा मी वळलो. भिंतीवर वीतभर उंचीचं एकेक इंग्रजी अक्षर उडत येऊन बसत होतं. आधी फाउंड्री. कुणीतरी हौसेनं मोठ्यानं वाचलं, "फाउंड्री!" आपल्या विभागाचं नाव आलं म्हणून दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मग पुढच्या शब्दाची अक्षरं यायला लागली. माझे हात कीबोर्डवर होते आणि ते उचलता येत नव्हते. इतकी अक्षरं उडवायला शिकलो, ती थांबवायची कशी हे शिकलोच नव्हतो. अंधारात खुर्च्या आपटल्याचा आवाज आला. तू धावत येत होतास. मला बाजूला ढकलून तू बी ची कळ दाबलीस आणि भिंत काळी झाली. तोवर "क्लोजर" पुरं होऊन गेलं होतं.

मग कुणीतरी दिवे लावले. मी दोन पावलं लांब, भिंतीला टेकलेला. तुझा हात कीबोर्डवर.

पुढचं सगळं त्या दोन पावलांनी ठरवलं. डायरेक्टरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुम्हारे महाराष्ट्र का है, इसलिए तुमसे पूछ रहा हूँ, पेंडसे. कीबोर्ड पर कौन था?"

मी म्हटलं, "सर, कम्प्यूटर का सारा काम साळवे ही देखता है."

"बत्ती जली तो वही खड़ा था."

"जी, सर."

"वर्करों के साथ उसका उठना-बैठना है. पुराना फाउंड्री वाला है."

"जी, सर."

तीन उत्तरं, आणि तिन्हींत खोटं काहीच नव्हतं. नंतर चौकशीसाठी मी हेच इंग्रजीत लिहून दिलं, टाइप करून, सही करून. त्याची प्रत नियमाप्रमाणे तुला मिळाली. तू ती माझ्या टेबलापाशी उभा राहून वाचलीस. वाचून घडी घातलीस. "इंग्रजी फार नेमकं आहे, साहेब, तुमचं," म्हणालास. एवढंच. या विषयावर तू मला जन्मात बोललेलं वाक्य हे एक.

चौकशीत तुला विचारलं, कीबोर्डवर कोण होतं. तू म्हणालास, "मी दिव्यांपाशी होतो. अंधार होता, दिसलं नाही." तुझ्या तोंडून मी ऐकलेलं खोटं तेवढंच. महिन्याभरात तुझा राजीनामा घेतला. फाउंड्रीच्या लोकांनी काम बंद केलं, गेटवर बसले, आणि भिंतीवर ते दोन शब्द आधीच दिसले म्हणून त्यांना भांडायला वेळ मिळाला. फाउंड्री शेवटी बंदच झाली, पण बऱ्याच जणांना दुसऱ्या विभागांत घ्यावं लागलं. रामफल रंगकामाला गेला आणि तिथूनच निवृत्त झाला. गुडगावात काचेचं नवं ऑफिस झालं, तिथं मला मोठी केबिन मिळाली. त्याच वर्षी आम्ही इथं फ्लॅट नोंदवला. तेव्हा आजूबाजूला मोहरीची शेतं होती. मालती म्हणायची, किती शांत आहे, नाही? मला ते शांत वाटत नसे. तिलाही मी सांगितलं नाही. ती अधूनमधून विचारायची, "भाऊजी हल्ली येत का नाहीत?" मी म्हणायचो, लांब पडतं.

तू दिल्लीत मुनिरक्यात एक खोली घेऊन क्लास काढलास. परीक्षांसाठी आलेली आपल्याकडची पोरं, कुणी लातूरचं, कुणी बुलढाण्याचं, तुझ्याकडे टायपिंग आणि कॉम्प्युटर शिकायची. मी तिथं एकदाच आलो. दोन जुनी यंत्रं, चार पुठ्ठ्याचे कीबोर्ड. भिंतीवर तुझ्या अक्षरातला कागद होता, कुठल्या कळेनं काय होतं त्याचा. बुलढाण्याची एक मुलगी पुठ्ठ्यावर बोटं चालवत होती आणि तू तिला ओरडत होतास, "खाली काय बघतेस? तिथं काय लिहिलंय, पास झालीस म्हणून?" पोरं हसली. मला पाहून तू उठलास आणि खुर्ची पुसून दिलीस. "या, साहेब." तेव्हा तू मला साहेब म्हणालास. मी 'दादा'ची वाट बघत होतो. जिन्यापर्यंत पोचवायला आलास तेव्हाही साहेबच.

सांगायला आलो होतो, शांतवन. जिना चढताना वाक्यही ठरवलं होतं. पण बसल्यावर मी काय बोललो, तर म्हटलं, आता नवीन आवृत्तीत प्रत्येक फाइलचं खाली वेगळं बटण येतं, ऑल्ट-टॅबनंच सगळीकडे जाता येतं, तुझं कंट्रोल-एफ-सिक्स गेलं. तू म्हणालास, "गेलं नाही. अजून चालतं. दाबून बघा." आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवलास. मी दाबलं नाही. घड्याळ बघितलं, ट्रॅफिकचं काहीतरी बोललो. तू सगळं जाणून तो कीबोर्ड सरकवलास, की सहज सरकवलास, हे मला अजून कळलेलं नाही. आता विचारणार कुणाला?

आणि खरा प्रश्न तर त्याहून जुना आहे. तू धावत का आलास? त्या भिंतीवर जे दिसत होतं, ते त्या माणसांना कळावं असं तुलाच वाटत होतं. दोनदा माझ्याकडे त्यासाठी आला होतास. नुसता दिव्यांपाशी उभा राहिला असतास तर तुझं म्हणणं झालं असतं, तुझं वचन शाबूत राहिलं असतं, आणि कीबोर्डवर मी एकटा सापडलो असतो. मला दुसरं उत्तर सुचत नाही. तू माझ्यासाठी धावलास. त्या माणसासाठी, जो दिवे लागेपर्यंत दोन पावलं मागे सरकला होता.

तुला मातीआड करून दहा दिवस झाल्यावर फाउंड्रीच्या म्हाताऱ्यांनी फरीदाबादला एका धर्मशाळेत तुझी शोकसभा ठेवली. रूथ मला घेऊन गेली. तुझा फोटो, झेंडूचा हार, पंधरावीस खुर्च्या. रामफल बोलला. साळवेंनी स्वतःच्या पोटावर पाय देऊन आम्हाला सत्य दाखवलं, असं म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "पेंडसे साब, आप तो उनके अफसर थे. दो शब्द."

मी उठलो. म्हटलं, "उस दिन कीबोर्ड पर मैं था."

रामफलनं कानाशी हात नेला. "क्या?"

हे मला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. ओरडून. "उस दिन! कीबोर्ड पर! मैं था! ग़लती से हुआ. साळवे बत्ती के पास था."

बाहेर कुणाच्या तरी रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचा भोंगा वाजत होता. रामफलनं कानाशी नेलेला हात खाली घेतला. मग त्यानं विचारलं, "तो दौड़कर परदा काला किसने किया?"

"साळवे ने."

"हमसे छुपाने को?"

"मुझे बचाने को."

"उसे पता था, भट्टी बंद होनी है?"

याचं उत्तर मी गाडीत बसल्यापासून टाळत होतो. "पता था. टाइप उसी ने किया था. मैंने उससे वचन लिया था."

"हमारे साथ चाय पीता था," रामफल म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला हळू बोलताना ऐकलं.

तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. एकदा मी तुझी नोकरी घेतली होती, आता त्या सात जणांचा खांदाही काढून घेत होतो. मी घाईघाईनं सांगायला लागलो, तो दोनदा माझ्याकडे आला होता, त्यांना सांगा म्हणाला होता, मला मोकळं करा म्हणाला होता. किती जणांना ऐकू गेलं, किती जणांना पटलं, माहीत नाही. रामफल उठून तुझ्या फोटोशी गेला. मला वाटलं, हार काढतोय. त्यानं एका बाजूला कललेला हार सरळ केला आणि येऊन बसला. माझ्याकडे बघितलं नाही. मग चहा आला. सगळ्यांना देत देत कप माझ्यापर्यंतही आला, पण देणारा दुसरीकडे बघत होता.

म्हणून हे लिहितोय. तू त्यांची बाजू मांडायला माझ्या दारात उभा राहिला होतास, ही गोष्ट त्या सभेत नीट सांगता आली नाही. ती इथं नोंदवून ठेवतो. माझं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, ते झाकायचं काही कारण नाही.

परतताना रूथ गाडी चालवत होती. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी गाडी थांबवून तिनं समोर बघतच विचारलं, "बाबांना माहीत होतं? तुम्ही काय लिहून दिलं होतं ते?"

"हो. त्याला प्रत मिळाली होती."

"आणि तरी दर नाताळात तुमच्याकडे फराळाचा डबा पाठवायचे?"

"हो. एकही वर्ष चुकलं नाही."

"शेवटची चार वर्षं त्यांच्यानं होत नव्हतं. करंज्या मीच करायचे. तुम्हाला गोड कमी चालतं म्हणून तुमच्या वेगळ्या काढायला लावायचे." ती माझ्याकडे वळली. "यंदा पाठवणार नाही, काका."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"रागावून नाही म्हणत." मग स्वतःच म्हणाली, "नाही. रागावूनच म्हणतेय."

मी उतरलो. तिनं काच वर केली आणि गाडी वळवून निघून गेली.

तुझी मुलगी तुझ्यावर गेलेली नाही, शांतवन. तू मला असं काही कधी बोलला नाहीस. बोलला असतास तर मी इतकी वर्षं गप्प राहिलो नसतो, असं इथं लिहिलं होतं. ते आत्ता खोडलं. राहिलोच असतो.